हेतू बघा, बाईचा जीवही बघा

"गर्भपात करणं पाप आहे का हो ताई?" असं आमच्या उमापुरातल्या बायका आवाज खाली करून विचारतात. हाच प्रश्न ख्रिस्ती विचारवंतांनीही शतकानुशतकं चघळलाय.

कॅथलिक चर्च सांगतं, गर्भ राहिल्यापासूनच तो माणसाचा जीव. त्याला जाणूनबुजून मारायचं नाही. पण तेराव्या शतकातल्या संत थॉमस अक्वायनस यांच्या विचारातून एक कसोटी निघाली : हेतू बघा. आईच्या गर्भाशयाला कॅन्सर झाला, पिशवी काढावी लागली आणि त्यात गर्भ गेला, तर ते पाप नव्हे. हेतू तिला वाचवण्याचा होता. अनेक प्रॉटेस्टंट चर्च तर आईचा जीव धोक्यात असेल तेव्हा गर्भपातही मान्य करतात.

हा बारकावा विसरला की काय होतं? बेळगावची लेक सविता हलप्पनवार, ३१ वर्षांची दातांची डॉक्टर, आयर्लंडमध्ये राहायची. ऑक्टोबर २०१२ मध्ये सतराव्या आठवड्यात तिचा गर्भ टिकणार नाही, हे स्पष्ट झालं. तिने गर्भपाताची विनंती केली. पण बाळाचे ठोके चालू होते, म्हणून तिथल्या कायद्यामुळे नकार मिळाला. जंतुसंसर्ग रक्तात भिनला आणि २८ ऑक्टोबरला ती गेली. २०१८ मध्ये आयरिश जनतेने ६६ टक्के मतांनी ते बंदीचं कलम काढून टाकलं.

आपल्याकडे १९७१ पासून गर्भपाताचा कायदा आहे. सज्ञान बाईला फक्त स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही लागत नाही. गुन्हा आहे तो पोटातल्या बाळाचं लिंग तपासणं. २०११ च्या जनगणनेत आपल्या बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे मुली होत्या फक्त ८०७! इथे ती हेतूची कसोटी लावून बघा. मुलगी आहे म्हणून गर्भ पाडला, त्यात आईला वाचवायचा हेतू कुठे होता?

पण या दोन गोष्टींची गल्लत झाली, की खरी अडलेली बाई घाबरून दवाखान्याची पायरी चढत नाही आणि चोरून भलत्याच माणसाकडे जाते. तेव्हा शेजारणीला एवढं नक्की सांगा : लिंग तपासायचं नाही, पण जिवावर बेतलं तर लपायचंही नाही. सरकारी दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना खरं ते सांगायचं. सोबतीला कुणी नसेल, तर आपण जायचं.