श्वासाची वाट

सुरतेहून धुळ्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग नवापूर मागे टाकून पूर्वेकडे निघाला, की कोंडाईबारीचा घाट येण्यापूर्वी विसरवाडी हे गाव लागते. नंदुरबारकडे जाणारा रस्ताही येथेच फुटतो. त्यामुळे गावात मालमोटारींची आणि एस. टी. गाड्यांची वर्दळ सदैव असते. परंतु महामार्ग सोडून थोडे आत शिरावे, म्हणजे देखावा पालटतो. सागाची व मोहाची झाडे, भाताची खाचरे आणि त्यांच्या कडेने मावची, कोकणी व भिल्ल लोकांची कौलारू घरे दिसू लागतात. कित्येक घरांच्या भिंती अजून कुडाच्या, वर शेणमातीने लिंपलेल्या आहेत. पहाटे या घरांच्या कौलांतून निळसर धूर निघतो व झाडांच्या शेंड्यांवर रेंगाळतो. दुरून पाहणाऱ्यास हे दृश्य मोठे रमणीय वाटते. घरात चुलीपुढे बसून नागलीच्या भाकरी थापणारीला मात्र त्या धुराची रमणीयता कधीच जाणवत नाही. तिचे डोळे चुरचुरत असतात व मधूनमधून खोकल्याची ढास लागत असते. पावसाळ्यात लाकूडफाटा ओला असला, म्हणजे तर विचारूच नये.

हा खोकला कोणी आजार म्हणून मोजीत नाही. चूल पेटली की खोकला यायचाच, असे सर्वांनी धरून चालले आहे. परंतु त्या खोकल्याचा अर्थ समजण्यास फुप्फुसाची रचना थोडी पाहावी लागते. श्वासनलिका छातीत उतरली, की तिला दोन फाटे फुटतात. त्या फाट्यांना पुन्हा फाटे, असे वीसहून अधिक वेळा घडते आणि शेवटच्या सूक्ष्म डहाळ्यांना द्राक्षांच्या घोसासारखे वायुकोश लागलेले असतात. त्यांची संख्या तीस कोटींहून अधिक भरते. वायुकोशाची भिंत इतकी पातळ, की पलीकडून वाहणारे रक्त हवेतील प्राणवायू सहज उचलते व आपल्याजवळचा कर्बवायू टाकून देते. या वाटेवर पहाराही आहे. नळ्यांच्या आतील बाजूस चिकट द्रवाचा पातळ थर असतो आणि अतिसूक्ष्म केसांची लव असते. हवेबरोबर आलेली धूळ त्या द्रवात अडकते आणि ही लव एका दिशेने सतत हलून ती घशाकडे लोटते. धूर रोजच्या रोज आत जाऊ लागला, म्हणजे ही लव दुबळी होते. मग साचलेला कफ बाहेर काढण्यास एकच उपाय उरतो, तो म्हणजे खोकला.

चुलीच्या धुरात नेमके काय आहे, हे शास्त्रज्ञांनी मोजले ते मात्र फार उशिरा. १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत कर्क स्मिथ या अमेरिकन संशोधकाने भारतीय सहकाऱ्यांसह गुजरातेतील चार खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या अंगावर हवा तपासण्याची साधने बसविली. कारखान्यांच्या नगरीत जेवढा धूर असेल, त्याच्या कितीतरी पट धूर त्या स्त्रिया घरात बसून घेत आहेत, असे त्यातून दिसून आले. पुढे पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी व लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातून जगाचे लक्ष एका गोष्टीकडे वेधले. श्वासनलिका कायमच्या अरुंद करणारा जो रोग विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचा म्हणून ओळखला जात असे, तो आयुष्यात कधीही विडी न ओढलेल्या असंख्य लोकांना होतो. आणि त्याचे एक मोठे कारण चुलीचा धूर हे आहे. या रोगात वायुकोशांच्या भिंती फाटतात, त्या पुन्हा सांधत नाहीत. म्हणून त्यावर लवकर ध्यान देणे महत्त्वाचे. तोंडाने ओढावयाच्या औषधाचा पंप श्वासनलिका मोकळ्या ठेवतो आणि औषध थेट हवे तेथे पोहोचवितो, त्यामुळे गोळीच्या मानाने फारच थोडे पुरते. ‘पंप एकदा लागला की सुटत नाही’ ही समजूत खेड्यांत व शहरांतही सारखीच पसरली आहे. खरे पाहता पंपाची सवय लागत नसते. रोगच दीर्घ मुदतीचा असतो.

मे २०१६ मध्ये केंद्र सरकारची उज्ज्वला योजना सुरू झाली व गरीब घरांतून गॅसची शेगडी आली. परंतु सिलिंडर दुसऱ्यांदा भरून आणावयाचा, तर रोख पैसे लागतात. सरपण मात्र रानातून श्रमाच्या मोलाने मिळते. म्हणून अनेक घरांत चहा शेगडीवर व भाकरी चुलीवर, अशी वाटणी झालेली दिसते. तीही पूर्वीपेक्षा बरीच म्हणावयाची. चुलीवर धुराडे बसविले, भिंतीला वरच्या बाजूस एक झरोका ठेवला आणि तान्ह्या मुलाला स्वयंपाकाच्या वेळी चुलीपासून दूर निजविले, तरी धुराचा पुष्कळ भाग टळतो.

धुराने दुबळ्या झालेल्या फुप्फुसांत दुसरा एक शत्रू सहज शिरतो. तो क्षयरोग होय. या रोगाचे जंतू रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने शोधून काढले आणि २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे ही वार्ता जाहीर केली. रोगाचे कारण कळले, परंतु औषध सापडले नाही. या दोहोंमधील अंतर किती क्रूर होते, हे महाराष्ट्राने जवळून पाहिले आहे. आनंदीबाई जोशी ११ मार्च १८८६ रोजी अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियातील महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. ज्या विद्येसाठी त्यांनी समुद्र ओलांडला, त्या विद्येजवळ त्यांच्या स्वतःच्या क्षयावर उपाय नव्हता. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्यांचा पुण्यात अंत झाला. तेव्हा त्यांना बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. क्षयावर गुणकारी ठरलेले पहिले औषध, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ मध्ये हाती आले. तोपर्यंत मोकळी हवा, विश्रांती आणि सकस अन्न हेच उपचार होते, आणि ते घेण्यासाठी ऐपत असलेले लोक मिरज किंवा पाचगणी येथील आरोग्यधामांत महिनोन्‌महिने जाऊन राहत. विसरवाडीच्या शेतमजुराला ते कोठून परवडावे?

हा प्रश्न भारतातच सुटला, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. १९५६ मध्ये मद्रास येथे एक प्रयोग सुरू झाला. काही क्षयरोग्यांना आरोग्यधामात ठेवले आणि काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या गरीब घरांतच राहू देऊन तीच औषधे दिली. १९५९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. घरी राहिलेले रोगीही जवळजवळ तितक्याच प्रमाणात बरे झाले होते; शिवाय त्यांच्या घरच्या माणसांना रोग अधिक लागला, असेही घडले नव्हते. गुण येतो तो नियमित औषधाने, महागड्या हवापालटाने नव्हे, हे त्यातून सिद्ध झाले. आज खेड्यातील रोग्याला घरीच औषध मिळते, त्याचे मूळ या प्रयोगात आहे.

आता निदानाची साधनेही सुधारली आहेत. पूर्वी थुंकीची काच सूक्ष्मदर्शकाखाली धरून जंतू शोधीत, व ते थोडे असले की नजरेतून निसटत. आता गोव्यातील मोलबायो या कंपनीने तयार केलेले ‘ट्रूनॅट’ नावाचे लहानसे यंत्र जंतूचा आनुवंशिक अंशच ओळखते. ते बॅटरीवर चालते, त्यामुळे वीज गेली तरी काम अडत नाही. रोगावर नेहमीचे मुख्य औषध चालेल की नाही, हेही त्याच्या पुढच्या तपासणीत कळते. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यास मान्यता दिली. मात्र यंत्र कितीही चांगले असले, तरी तपासणीस दिलेला बेडका छातीतून खाकरून काढलेला असावा लागतो. तोंडातील लाळ देऊन उपयोग नाही. दोन आठवड्यांहून अधिक टिकणारा खोकला, संध्याकाळी येणारा बारीक ताप, घटणारे वजन किंवा थुंकीतून पडणारे रक्त यांपैकी काहीही आढळले, तर सरकारी दवाखान्यात ही तपासणी विनामूल्य होते.

उपचार साधारणतः सहा महिन्यांचा असतो; पहिले दोन महिने चार औषधे व नंतर तीन. एवढा काळ का, असे कोणालाही वाटेल. याचे कारण जंतूच्या स्वभावात आहे. इतर अनेक जंतू अर्ध्या तासात दुप्पट होतात. क्षयाच्या जंतूला त्यासाठी जवळजवळ एक दिवस लागतो. काही जंतू तर निद्रिस्तासारखे पडून राहतात आणि त्या स्थितीत औषध त्यांना फारसे बाधत नाही. तीन-चार आठवड्यांत खोकला थांबतो, भूक लागते, अंगात बळ येते. रोग्याला वाटते, आपण बरे झालो. तेथे औषध सोडले, की मागे उरलेले चिवट जंतू पुन्हा वाढतात आणि मग त्याच औषधाला ते दाद देत नाहीत. अशा रोगावर पूर्वी दीड-दोन वर्षे उपचार व रोजची इंजेक्शने लागत. अलीकडे बेडाक्विलीनसारख्या नव्या औषधांमुळे त्यांतील अनेक रोग्यांचा उपचारही सहा महिन्यांत आणि इंजेक्शनांवाचून होऊ शकतो. रोग्याच्या आहारासाठी एप्रिल २०१८ पासून सरकार दरमहा ५०० रुपये त्याच्या बँक खात्यात भरू लागले. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १,००० रुपये झाली.

आणि तरीही एक अडचण उरतेच. दिवाळी झाली, की नंदुरबार जिल्ह्यातील अनेक कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात व उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. सहा महिन्यांचा उपचार आणि तोडणीचा हंगाम यांची अशी गाठ पडते. फडावर पहाटे अंधारातच कोयता हाती घ्यावा लागतो. दवाखाना कोठे आहे, हे ठाऊक नसते आणि दिवसाची मजुरी बुडविणे परवडत नाही. यासाठी प्रत्येक क्षयरोग्याची ‘निक्षय’ नावाच्या देशव्यापी नोंदणीत नोंद होते व त्याला एक क्रमांक मिळतो. हा क्रमांक बरोबर असला, म्हणजे नवापूर तालुक्यात सुरू झालेले औषध बारडोलीच्या सरकारी दवाखान्यातही पुढे चालू ठेवता येते. म्हणून गाडीत भांडीकुंडी, अंथरूण आणि कोयते चढविण्यापूर्वी आशाताई अशा घरी येऊन जातात. उरलेल्या दिवसांच्या गोळ्या मोजतात, आणि तो क्रमांक एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून घरातल्या शाळकरी मुलाच्या हाती देतात, कारण घरात वाचता येणारे तेवढे एकच माणूस असते.