व्रणांसह उठलेला

सरकारी सुट्ट्यांच्या यादीत गुड फ्रायडे असतो, ईस्टर नसतो. ईस्टर नेहमी रविवारीच येतो, तेव्हा त्याची वेगळी सुट्टी देणार कशाला? याचा परिणाम असा, की आपल्याकडे नाताळ सगळ्यांना माहीत, गुड फ्रायडे सुट्टीपुरता माहीत, आणि ईस्टर म्हटले की बेकरीतली बदामाच्या लगद्याची रंगीत अंडी आठवतात. ‘हॅपी गुड फ्रायडे’ असा संदेश धाडणारे सहकारीही असतात. शोकाच्या दिवशी त्याला उत्तर काय द्यावे, या पेचात ख्रिस्ती माणूस पडतो.

श्रद्धेच्या हिशेबात मात्र क्रम उलटा आहे. रोममध्ये २५ डिसेंबरला ख्रिस्तजन्म साजरा होत असल्याची सर्वांत जुनी नोंद चौथ्या शतकातली, ३३६ सालची आहे. ईस्टर कोणत्या दिवशी पाळावा यावरून मात्र दुसऱ्या शतकातच आशिया मायनर आणि रोम इथल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये वाद पेटलेला होता. वर्षातून एकदा येणाऱ्या या सणाआधी दर आठवड्याला येणारा सण होता, तो म्हणजे रविवार. ज्या दिवशी येशूचे थडगे रिकामे सापडले, तो आठवड्याचा पहिला दिवस शिष्यांनी एकत्र येऊन भाकर मोडण्यासाठी निवडला. ३२१ साली सम्राट कॉन्स्टंटाईनने तो विश्रांतीचा दिवस ठरवला. त्याच चालीने ती सुट्टी इंग्रजी अमदानीत आपल्याकडे आली. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगारांना ती मिळवून दिली, तेव्हा रविवार हा खंडोबाचा वार आहे हेही कारण पुढे केले गेले. एका सुट्टीला दोन देवांचा आधार मिळाला.

कुणीच न पाहिलेली घटना

मत्तय, मार्क, लूक आणि योहान या चारही शुभवर्तमानांत येशूच्या अटकेचे, खटल्याचे आणि मरणाचे तपशीलवार वर्णन आहे. ज्याचा ईस्टर हा सण, त्या पुनरुत्थानाचे, म्हणजे मरणातून उठण्याचे, वर्णन मात्र एकातही नाही. थडग्याच्या आत त्या रात्री काय घडले, हे कुणी पाहिल्याचा दावा कुणीच करत नाही. कथा सुरू होते ती पहाटे, सगळे घडून गेल्यावर. धोंड बाजूला सरलेली आहे, आत प्रेत नाही.

तिथे पोहोचणाऱ्या आहेत बायका. मग्दालिया मरीयेचे नाव चारही वृत्तांतांत आहे. त्या काळच्या यहुदी आणि रोमन समाजात बाईच्या साक्षीला पुरुषाच्या साक्षीइतके वजन नव्हते. लूक तर प्रांजळपणे नोंदवतो, की प्रेषितांना या बायकांचे बोलणे वायफळ वाटले. लोकांना पटेल अशी गोष्ट रचायची असती, तर साक्षीदार म्हणून कुणी बायका निवडल्या नसत्या, असा युक्तिवाद अनेक अभ्यासक करतात. मरीयेचे हे मोठेपण चर्चने उशिरा का होईना, विधीतही मान्य केले. २०१६ साली पोप फ्रान्सिस यांनी २२ जुलै या तिच्या स्मृतिदिनाला प्रेषितांच्या सणांचा दर्जा दिला.

मार्कचे शुभवर्तमान चौघांत सर्वांत जुने मानले जाते. चौथ्या शतकातल्या दोन महत्त्वाच्या हस्तलिखितांत ते ज्या वाक्यावर संपते, ते वाचून आजही दचकायला होते. बायका थरथरत पळून जातात आणि भीतीने कुणाला काही सांगत नाहीत. पुढचा मजकूर नंतर जोडला गेला, असे बहुतेक संशोधक मानतात. आनंदाच्या बातमीचा पहिला परिणाम भीती होता, हे मार्कने लपवले नाही.

जखमा दाखवणारा

भेटीच्या कथा याहून विलक्षण आहेत. मरीयेला येशू माळी वाटतो, आणि नावाने हाक मारल्यावरच ती त्याला ओळखते. अम्माऊस गावाच्या वाटेवर दोन शिष्य त्याच्याबरोबर मैलोन्‌मैल चालतात, पण भाकर मोडली जाईपर्यंत हा कोण, हे त्यांना उमगत नाही. दारे बंद असलेल्या खोलीत तो येतो, आणि त्याच वेळी भाजलेल्या माशाचा तुकडा मागून खातो. हा भुताचा प्रकार नव्हे, हे लूकला ठासून सांगायचे आहे. मेलेला माणूस शुद्धीवर येऊन पूर्वीच्या आयुष्यात परतला, असेही त्याला म्हणायचे नाही.

शिष्यांना तो स्वतःची ओळख पटवतो ती हातापायांवरच्या आणि कुशीतल्या जखमांनी. थोमा तर हटून बसतो: खिळ्यांच्या खुणांत बोट घातल्याशिवाय मी मानणार नाही. आठवड्याने येशू त्याच्यासमोर हात पुढे करतो. थोमाने खरोखर बोट घातले की नाही, हे योहान सांगत नाही. कॅराव्हॅज्योने १६०१-०२च्या सुमारास रंगवलेल्या चित्रात मात्र ते बोट कुशीच्या जखमेत शिरलेले आहे. हाच थोमा पुढे भारतात आला, अशी केरळच्या सीरियन ख्रिस्ती लोकांची परंपरा आहे. चेन्नईच्या मैलापूरला त्याची समाधी दाखवतात.

माझ्या मते ईस्टरचा अर्थ या जखमांपाशी सापडतो. मृत्यूवर विजय मिळवलेला देह निष्कलंक असायला हवा, असे कुणालाही वाटेल. शुभवर्तमानकार म्हणतात, तो देह नवा होता, पण व्रण तसेच होते. शुक्रवारी जे सोसले ते रविवारी पुसले गेले नाही. ख्रिस्ती माणसाची आशा यावर उभी आहे: वेदनेचा इतिहास रद्द होत नाही, देव तो स्वतःजवळ ठेवून घेतो.

आत्मा अमर, की देह उठणारा?

‘आत्मा अमर आहे, देह हे वस्त्र’ हा विचार आपल्या रक्तात भिनलेला असल्यामुळे पुनरुत्थानही त्याच साच्यात बसवण्याचा मोह होतो. काही जण त्याला पुनर्जन्माचा प्रकार समजतात. दोन्ही समजुतींशी ईस्टरचा दावा जुळत नाही. इथे माणूस पुन्हा जन्म घेत नाही, आणि आत्मा देहातून सुटूनही जात नाही. येशूच्या काळी यहुद्यांमध्ये परूशी पंथाचे लोक मानत, की काळाच्या शेवटी देव नीतिमानांना देहासह उठवील. सदूकी हे साफ नाकारत. येशूच्या शिष्यांनी केलेला दावा परूशांनाही धक्का देणारा होता: जे सर्वांच्या बाबतीत शेवटी घडायचे, ते एकाच्या बाबतीत इतिहासाच्या मध्येच घडले आहे.

याबद्दलचे सर्वांत जुने सविस्तर लिखाण शुभवर्तमानांतले नाही. ते आहे पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात. हे पत्र साधारण ५३ ते ५५ या काळातले, म्हणजे येशूच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांच्या आतले. त्यात पौल स्वतःला आधीच्यांकडून मिळालेली साक्षीदारांची यादी देतो: केफा म्हणजे पेत्र, मग बारा जण, मग पाचशेहून अधिक बंधू, मग याकोब. शेवटी तो स्वतःचे नाव घालतो. एके काळी ख्रिस्ती लोकांना पकडून नेणारा हा माणूस. ख्रिस्त उठला नसेल तर आमचा उपदेश आणि तुमचा विश्वास दोन्ही फोल, असे तो सरळ सांगतो. उठणारा देह कसा असेल, या प्रश्नाला तो बियाणाचा दाखला देतो. पेरलेला दाणा आणि उगवलेले रोप दिसायला वेगळे, तरी एकाच जीवाचे.

इतिहासकार इथे कुठवर येतात? रोमन सुभेदार पंतय पिलाताच्या कारकिर्दीत येशूला वधस्तंभावर मारले गेले, आणि त्यानंतर थोड्याच काळात त्याचे विखुरलेले शिष्य तो जिवंत असल्याचे जाहीर सांगू लागले, यावर व्यापक एकमत आहे. मधल्या घटनेवर नाही. शिष्यांनी प्रेत चोरले, हा आरोप मत्तयाच्या काळीच केला जात होता, आणि त्याने तो नोंदवूनही ठेवला. विसाव्या शतकात जर्मन ईश्वरविद्यावंत रुडॉल्फ बुल्टमान यांनी पुनरुत्थानाचा अर्थ शिष्यांच्या अंतःकरणात उगवलेल्या श्रद्धेत शोधला. २००३ साली इंग्लंडच्या एन. टी. राइट यांनी सात-आठशे पानांचा ग्रंथ लिहून, रिकामे थडगे आणि प्रत्यक्ष भेटी यांखेरीज त्या श्रद्धेचा उगम समजावता येत नाही, अशी बाजू मांडली. बहुसंख्य ख्रिस्ती लोक राइट यांच्या बाजूचे, पण वाद चर्चच्या भिंतींच्या आतही चालू आहे.

चंद्राच्या हिशेबाने

नाताळची तारीख ठरलेली, ईस्टरची फिरती. कारण येशूचा मृत्यू यहुद्यांच्या वल्हांडण सणाच्या दिवसांत झाला, आणि वल्हांडण चांद्र महिन्याने येतो. ३२५ साली नायसिया इथे भरलेल्या धर्मसभेने सर्वांनी ईस्टर एकाच रविवारी पाळावा असे ठरवले. पुढे रूढ झालेला नियम असा: २१ मार्च किंवा त्यानंतरच्या पहिल्या पौर्णिमेनंतर येणारा रविवार. त्यामुळे ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान कधीही येतो. आपल्या पंचांगाशी ताडून पाहिले तर गंमत दिसते. २०२४ साली तो होळीच्या पौर्णिमेपाठोपाठ ३१ मार्चला आला. २०२५ साली हनुमान जयंतीच्या पौर्णिमेनंतर २० एप्रिलला. पूर्वेकडची ऑर्थोडॉक्स चर्चे अजून जुन्या ज्युलियन पंचांगाने चालतात, म्हणून त्यांचा ईस्टर बहुधा वेगळ्या दिवशी असतो. नायसियाच्या सभेला १७०० वर्षे झाली त्या २०२५ साली मात्र दोघांचा रविवार एकच आला.

ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ राखेच्या बुधवारी कपाळावर राख लावून सुरू होतो. या काळात कॅथलिक उपासनेत ‘आलेलूया’ म्हटले जात नाही. पूर्वी मांसाबरोबर अंडीही वर्ज्य असत. कोंबड्यांना उपवास नसल्यामुळे अंडी साठत जात, आणि ईस्टरला ती रंगवून वाटली जात. पूर्वेकडच्या चर्चमध्ये ती आजही ख्रिस्ताच्या रक्ताच्या स्मरणार्थ लाल रंगवतात.

ईस्टरच्या आदल्या शनिवारच्या रात्रीचा जागर हा ख्रिस्ती वर्षातला सर्वांत मोठा विधी. चर्चबाहेर नवा अग्नी पेटवतात आणि त्यावरून एक उंच मेणबत्ती पेटवतात. तिच्यावर क्रूस, ग्रीक वर्णमालेतले पहिले आणि शेवटचे अक्षर, आणि चालू वर्षाचे चार आकडे कोरलेले असतात. क्रूसावर धूपाचे पाच दाणे बसवतात. ते पाच जखमांचे. ती एकच ज्योत घेऊन धर्मगुरू अंधाऱ्या चर्चमध्ये शिरतात, आणि लोकांच्या हातांतल्या मेणबत्त्या तिच्यावरून एकमेकांच्या पेटत जातात. मग वाचने सुरू होतात: सृष्टीची निर्मिती, अब्राहामाची कसोटी, तांबड्या समुद्रातून गुलामांची सुटका. या सुटकेचे वाचन वगळता येत नाही, कारण ईस्टर हा मुळात मुक्तीचा सण. त्यानंतर घंटा वाजतात, ‘आलेलूया’ परत येतो, आणि नव्याने श्रद्धा स्वीकारणाऱ्यांना बाप्तिस्मा दिला जातो.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६०च्या दशकापासून, लॅटिनची जागा लोकभाषांनी घेतली. तेव्हापासून वसईतल्या कॅथलिक चर्चमध्ये ही उपासना मराठीत ऐकू येऊ लागली. पुनरुत्थानाची कथा मराठी कानांवर त्याच्या कितीतरी आधी पडली होती. मूळचे इंग्लंडचे फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले. पुराणे ऐकण्याची सवय असलेल्या नवख्रिस्ती लोकांसाठी त्यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रचले. १६१६ साली ते रोमन लिपीत छापले गेले, आणि त्याच्या दुसऱ्या भागात ख्रिस्ताचे सारे चरित्र आले. पुढे नारायण वामन टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ आरंभले, त्यांच्यामागे लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले.

मरणाच्या दारात

इस्तंबूलच्या एकेकाळच्या कोरा चर्चमध्ये एक उपदालन आहे. चौदाव्या शतकाच्या आरंभी ते मृतांना पुरण्यासाठी बांधले गेले. त्याच्या अर्धगोल छताखाली ख्रिस्त आदाम आणि हव्वेला मनगटांना धरून शवपेट्यांतून ओढून काढतो आहे. पायांखाली पाताळाची मोडलेली दारे आणि विखुरलेली कुलपे. पूर्वेकडच्या परंपरेत ईस्टरचे चित्र हेच. एकटा कुणी उठत नाही, तो पहिल्या माणसापासून सगळ्यांना घेऊन उठतो.

पश्चिमेकडे याला तोडीस तोड आहे ते माथियास ग्रूनेवाल्डचे १५१२ ते १५१६ या काळातले वेदीचित्र, आज फ्रान्समधल्या कोलमारच्या संग्रहालयात असलेले. ते इझेनहाइमच्या मठासाठी रंगवले गेले. तिथल्या रुग्णालयात बुरशी लागलेल्या राय धान्याची भाकर खाऊन ज्यांचे हातपाय काळे पडून सडत, असे रोगी येत. बंद फळ्यांवर त्यांना वधस्तंभावरचा येशू दिसे, अंगभर फोड आलेला, त्यांच्यासारखाच. सणाला फळ्या उघडल्या, की तोच देह प्रकाशात उंच उठलेला दिसे, आणि तळहातांवरच्या जखमांतूनही तेज फाकत असे. ते चित्र त्या रोग्यांना बरे करत नव्हते. तुमचे कुजणारे शरीर देवाला परके नाही, एवढे ते सांगत होते.

देहाबद्दलचा हा आदर अंत्यविधीत उतरतो. शतकानुशतके ख्रिस्ती लोक दफनच करत आले. कॅथलिक चर्चने दहनाला मुभा दिली ती १९६३ साली. २०१६च्या सूचनापत्रात मात्र अस्थी उधळू नयेत, पवित्र जागी जतन कराव्यात, असे सांगितले आहे. राख झालेला देह देव उठवू शकत नाही असे कुणी मानत नाही, पण या देहाचा मान राखायचा, हा आग्रह कायम आहे. जिवंत देहाबद्दलही हीच दृष्टी लागू पडते. रुग्णालये काढणाऱ्या मिशनऱ्यांच्या हेतूंवर वाद झाले, होत राहतील. पण शरीर टाकाऊ आहे असे मानणाऱ्याने मिरजेचे वानलेस रुग्णालय उभारले नसते.

ईस्टर साजरा करणाऱ्यांच्या घरीही माणसे मरतात, आजार येतात, आणि आलेलूया म्हणताना आवाज फुटतो. श्रद्धा त्यांना दुःखातून सूट देत नाही. शंकेतूनही देत नाही. मत्तयाच्या अखेरच्या प्रसंगात अकरा शिष्य गालीलातल्या डोंगरावर उठलेल्या येशूला भेटतात, नमन करतात, आणि तरीही काहींना शंका वाटते, असे मत्तय लिहितो. येशू त्यांना वेगळे काढत नाही, आधी शंका मिटवून या असेही म्हणत नाही. शंका घेणाऱ्यांसह सगळ्यांनाच तो जगात कामाला पाठवतो. ख्रिस्ती धर्माची वाटचाल त्या पाठवणीपासून सुरू झाली, आणि तिच्यात थोमासारखी माणसे पहिल्या दिवसापासून होती.