तूलाँच्या गोदीतील लढाऊ जहाजे

फ्रान्सच्या भूमध्यसागरी किनाऱ्यावरील तूलाँच्या आरमारी गोदीचे एक जुने छापील चित्र मी वर्गात दाखविले, तेव्हा एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, ही लढाईची जहाजे, मग त्यांची शिडे कोठे आहेत?" प्रश्न मार्मिक होता.

मूळ रंगचित्र जोसेफ व्हेर्ने याने पंधराव्या लुईच्या आज्ञेवरून १७५५ साली काढले. पुढे कोशँ व ले बा या दोघांनी ते तांब्याच्या पत्र्यावर कोरले. पत्र्यावर आकृती उलटी कोरावी, तेव्हाच ती कागदावर सुलटी उमटते. शिवाय रंगाचा आधार नाही. आकाश, पाणी आणि लाकूड ही तिन्ही केवळ रेघांच्या दाटीविरळीतून वेगळी दाखवावयाची. हे कसब सामान्य नव्हे.

आता जहाजांकडे वळू. शांततेच्या काळी लढाऊ जहाज बंदरात ठेवावयाचे म्हणजे ते जवळजवळ सोलूनच ठेवीत. शिडे व दोरखंड कोठारात, डोलकाठ्यांचे वरचे भाग उतरविलेले, खलाशी आपापल्या गावी आणि तोफा किनाऱ्यावर. व्हेर्नेने हा देखावा तोफखान्याच्या आवारातूनच रेखाटला आहे. ७४ तोफांचे जहाज पुन्हा सज्ज करावयाचे, तर आधी हे सारे सामान शाबूत असावयास हवे. म्हणजे आरमाराचे निम्मे बळ पाण्यावर नव्हे, कोठारांत असे. तेथील दोर वळण्याची इमारत सुमारे ३२० मीटर लांब आहे. लांब दोर सलग वळावयाचा, तर छप्परही तेवढेच हवे!

चित्रात कोरडी गोदी मात्र दिसणार नाही. भूमध्यसागराला भरती-ओहोटी नाममात्रच. त्यामुळे भरतीला जहाज आत घ्यावे आणि ओहोटीला पाणी सोडून द्यावे, ही अटलांटिक किनाऱ्यावरची सोय येथे नव्हती. जहाज एका कुशीवर कलते करूनच त्याचा तळ साफ करावा लागे. अखेर १७७४ ते १७७८ या काळात ग्रोन्यार या अभियंत्याने एक प्रचंड लाकडी पेटी पाण्यात बुडवून तिच्या आत दगडी गोदी बांधली.

१७९३ साली राजपक्षीयांनी हे शहर इंग्रजांच्या हवाली केले. डिसेंबरात ते सोडून जाण्याची पाळी आली, तेव्हा इंग्रजांनी नेमके मर्म ओळखले: जहाजांबरोबरच त्यांनी डोलकाठ्यांचे व मुख्य कोठारही पेटविले. त्या वेळी वेढा घालणाऱ्या फ्रेंच सैन्यात तोफखाना सांभाळीत होता चोवीस वर्षांचा बोनापार्ट. मे १७९८ मध्ये तो याच बंदरातून इजिप्तकडे निघाला, तोवर गोदी पुन्हा कामास लागली होती.