मेलबर्नचे तीन गोल

मुलांनो, पावसाळ्यात आपल्या यवतमाळच्या काळ्या मातीत फुटबॉल खेळताना पाय रुततात, आणि बूट काढून ठेवावेसे वाटतात. अनवाणी खेळण्याची ही सवय एके काळी आपल्या राष्ट्रीय संघालाही होती. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये आपले बहुतेक खेळाडू अनवाणीच उतरले आणि युगोस्लाव्हियाने त्यांचा १० विरुद्ध १ असा दारुण पराभव केला. चार वर्षांनी मेलबर्न येथे मात्र आपला संघ बूट घालून उभा राहिला. त्यातील आघाडीचे खेळाडू नेव्हिल डिसूझा यांची ही हकिकत आहे.

डिसूझा मूळचे गोव्यातील आसगावचे. त्यांचा जन्म १९३२ सालचा. त्यांचा खेळ बहरला तो मुंबईत. इंग्लंडमध्ये लहानसहान नगरांच्या क्लबांतील खेळाडूंनाही खेळाबद्दल वेतन मिळे. आपल्याकडे तशी सोय नव्हती. मोठ्या कंपन्या व रेल्वे आपापले संघ बाळगीत; तेथील नोकरी हीच खेळाडूची शिदोरी. डिसूझा प्रथम टाटांच्या व पुढे कालटेक्सच्या संघातून खेळले.

१ डिसेंबर १९५६ रोजी भारताची गाठ यजमान ऑस्ट्रेलियाशी पडली. नवव्याच मिनिटाला डिसूझा यांनी गोल केला. ऑस्ट्रेलियाने बरोबरी साधली. तेहतिसाव्या मिनिटाला त्यांनी पुन्हा गोल केला. पुन्हा बरोबरी झाली! मध्यंतरानंतर पाचच मिनिटांत त्यांनी तिसरा गोल नोंदवला. पुढे किट्टू यांनी चौथा गोल केला आणि भारत ४ विरुद्ध २ असा विजयी झाला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारे डिसूझा हे पहिलेच आशियाई खेळाडू होत. या संघाचे प्रशिक्षक हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम हे पेशाने शिक्षक होते, हे सांगताना माझ्यासारख्या जुन्या मास्तराला थोडा अभिमान वाटला तर तो क्षम्य मानावा.

उपांत्य सामन्यात समोर पुन्हा युगोस्लाव्हिया! पहिला गोल डिसूझा यांनीच केला. परंतु ती आघाडी टिकली नाही आणि भारत ४ विरुद्ध १ असा हरला. कांस्यपदकाच्या सामन्यात बल्गेरियानेही आपल्याला नमवले. त्या स्पर्धेत सर्वाधिक, म्हणजे चार गोल करणाऱ्या तिघांत डिसूझा होते.

हेलसिंकीत कांस्यपदक जिंकणारे खाशाबा जाधव तुम्हांला ठाऊक आहेत. डिसूझांचे नाव क्वचितच कोणी ऐकलेले असते. चौथ्या क्रमांकाला पदक नसते. १९८० साली, वयाच्या अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.