हाडातली नांगी कशी भरावी?



उसात तुटाळ पडली की आपण नांग्या भरतो. नुसती माती ओढून तिथे ऊस येत नाही. जोमदार रोप लावावे लागते आणि त्याला पाणी पोचवावे लागते. जनावराच्या हाडाचेही असेच आहे.

साधे हाड मोडले आणि दोन्ही टोके जुळवून हलणार नाहीत अशी धरली, तर ते आपले आपण सांधते. पण अपघातात हाडाचा मोठा तुकडाच गेला, तर मधली जागा भरत नाही. तिथे मऊ तंतू वाढतात आणि पाय अधू राहतो. त्याच जनावराच्या कमरेचे हाड काढून तिथे बसवता येते. पण ते मिळणार किती? शिवाय जखमा दोन होतात.

यावर शास्त्रज्ञांनी सांगाड्याची युक्ती काढली. दोडक्याला जसा मांडव, तसा हाडाला सच्छिद्र सांगाडा. तो समुद्रातल्या पोवळ्याचा किंवा हाडातल्याच क्षारांपासून भाजून केलेला असतो. पण मांडव घातला म्हणून वेल येत नाही! त्यासाठी त्याच जनावराच्या हाडातला मगज सुईने काढतात. हाड तयार करू शकणाऱ्या पेशी त्यात फार थोड्या असतात. म्हणून प्रयोगशाळेत त्यांची जणू रोपवाटिका करून संख्या वाढवतात, मग त्या सांगाड्यावर पेरतात.

अमेरिकेत कुत्र्यांच्या मांडीच्या हाडातला २१ मिलिमीटरचा तुकडा काढून हा प्रयोग झाला. त्याचा अहवाल १९९८ साली आला. १६ आठवड्यांनी पाहिले, तर पेशी पेरलेला सांगाडा दोन्ही टोकांशी हाडाने एकजीव झाला होता. मोकळी ठेवलेली जागा मात्र सांधली नव्हती. पुढे २००० साली फ्रान्समधील संशोधकांनी मेंढ्यांवरचे निकाल प्रसिद्ध केले. नुसत्या पोवळ्याने एकही पाय सांधला नाही. पेशी पेरल्यावर सातांपैकी तीन सांधले.

तीन सांधले, तसे चार राहिले, हेही ध्यानात घ्यावे. मोठ्या सांगाड्याच्या पोटात रक्त वेळेवर पोचत नाही, तेव्हा आतल्या पेशी मरतात. पाटाचे पाणी शेवटच्या सरीला न पोचावे, तशातली गत. आणि सांगाडा विरघळण्याचा व नवे हाड येण्याचा वेग जुळला नाही, तरी काम फसते.

तेव्हा ही काही रोजच्या दवाखान्यातली पद्धत नव्हे. साध्या मोडीला तिची गरजही नाही. 'पेशींचे औषध' म्हणून कोणी पैसे मागू लागला, तर आधी पशुवैद्यकांना विचारावे. बैलाचा, कालवडीचा पाय मोडला तर जनावर चालवू नये, पाय ओढून बसवण्याचा खटाटोप करू नये, रक्त अडेल इतके घट्ट बांधू नये. मऊ कापडावर कामट्यांचा आधार देऊन डॉक्टरांना त्याच दिवशी बोलवावे. हाड सांधण्याची पहिली अट आजही तीच आहे: मोडलेला भाग हलता कामा नये.