ठिपके तेच, रांगोळी वेगळी

मागच्या महिन्यात आमच्या बचत गटातल्या एका काकूंना डॉक्टरांनी कमरेचा एमआरआय काढायला सांगितला. तालुक्याला मशीन नाही, म्हणून आम्ही तिघी त्यांच्यासोबत जिल्ह्याच्या गावी गेलो. आत सोडण्याआधी तिथल्या ताईंनी काकूंची जोडवी, बांगड्या, केसांतल्या पिना, पदराची सेफ्टी पिन, सगळं काढायला लावलं. मंगळसूत्र काढताना काकूंचे डोळे भरून आले. "एवढं काय असतं गं त्या मशीनमध्ये?" त्यांनी विचारलं. आम्हाला काही सांगता येईना. मग आम्ही वाचून, विचारून माहिती घेतली. तीच आज तुम्हाला सांगतो.

त्या मशीनमध्ये फार मोठ्या ताकदीचा चुंबक असतो. तारेच्या वेटोळ्यातून वीज सोडली की चुंबक तयार होतो, हे आपण शाळेत शिकलो. पण साध्या तारेतून खूप वीज सोडली तर तार तापते आणि वीज वाया जाते. म्हणून तिथे बहुतेक वेळा नायोबियम आणि टायटॅनियम या दोन धातूंच्या मिश्रणाची तार असते. ती उणे २६९ अंशांच्या आसपास ठेवली की तिच्यातून वीज जराही न अडता वाहते. एकदा सोडली की फिरतच राहते. याला अतिवाहकता म्हणतात. १९११ साली नेदरलँड्समधल्या लायडन गावी कामरलिंग ओनेस या शास्त्रज्ञांना ती पाऱ्यामध्ये पहिल्यांदा दिसली.

एवढी थंडी द्रव हेलियमने मिळते. हेलियम महाग, आणि आपल्या देशाला तो बहुतेक सगळा बाहेरून आणावा लागतो. मशीन महाग पडण्याचं हे एक कारण. म्हणूनच कमी थंडीत अतिवाहक होणारा पदार्थ शोधायची धडपड चालू आहे.

आता हा पदार्थ कशावर ठरतो? आपण ठिपक्यांची रांगोळी काढतो ना, तसे स्फटिकात अणू ठरावीक अंतरावर बसलेले असतात. ठिपके तेच ठेवून मांडणी बदलली तर रांगोळी वेगळी होते. पदार्थाचंही तसंच आहे.

आपल्या ओळखीचं उदाहरण घ्या. पितळेच्या भांड्यांना कल्हई लावतात ती कथिलाची. कथील पांढरं, चकचकीत असतं. पण शुद्ध कथील १३ अंशांच्या खाली बराच काळ राहिलं, तर त्याचे अणू हळूहळू जागा बदलतात आणि त्याची करडी भुकटी होऊ लागते. काही घातलं नाही, काही काढलं नाही, फक्त मांडणी बदलली. पांढरं कथील उणे २६९ अंशांच्या जरा खाली नेलं की अतिवाहक होतं. करडं कथील होत नाही. (भांड्यांची काळजी करू नका. हा बदल फार सावकाश होतो आणि थोडी भेसळही त्याला रोखते.)

पुढची गोष्ट १९८६ सालची. स्वित्झर्लंडमध्ये झुरिकजवळच्या प्रयोगशाळेत बेडनोर्ट्झ आणि म्युलर यांनी लँथॅनम, बेरियम, तांबं आणि ऑक्सिजन यांचं संयुग तयार केलं. दिसायला ते धातूसारखं नाही, भाजलेल्या मातीसारखं ठिसूळ. तरीही उणे २४० अंशांच्या आसपास ते अतिवाहक होऊ लागलं. पुढच्याच वर्षी दोघांना नोबेल मिळालं.

पण त्यात एक कोडं निघालं. लँथॅनमच्या दर १६ जागांपैकी बरोबर १ जागा बेरियमला दिली की अतिवाहकता जवळजवळ नाहीशी होते. बेरियम थोडं कमी किंवा थोडं जास्त असेल तर ती परत येते. असं का? या स्फटिकात तांब्याच्या प्रत्येक अणूभोवती ऑक्सिजनचे सहा अणू असतात. थंड करत गेलं की हे सगळे घोळके एका बाजूला कलतात, आणि साधारण उणे २१५ अंशांच्या आसपास कलण्याची दिशा बदलते. या नव्या मांडणीत विजेचे कण लुगड्याच्या पट्ट्यांसारखे ओळीत अडकून बसतात. मग त्यांना मोकळं वाहता येत नाही.

१९८७ साली अमेरिकेत यिट्रियम, बेरियम, तांबं आणि ऑक्सिजन यांचं संयुग सापडलं. ते उणे १८१ अंशांनाच अतिवाहक होतं. पण ते भट्टीतून कसं काढता, यावर सगळं अवलंबून. ९०० अंशांच्या वर भाजताना त्यातला ऑक्सिजन निघून जातो आणि अणूंची मांडणी चौरस होते. ऑक्सिजन सोडत सावकाश थंड केलं, तर ऑक्सिजन परत येऊन रांगेत बसतो आणि चौरसाचा किंचित आयत होतो. हीच मांडणी कामाची. घाईने थंड केलं तर चौरस तसाच राहतो, आणि मग कितीही गार करा, अतिवाहकता येत नाही. मैत्रिणींनो, साहित्य बरोबर असूनही घाईने पाक बिघडतो, हे आपल्यापेक्षा कोणाला जास्त ठाऊक?

उणे १८१ अंशांचं एवढं कौतुक का? कारण तिथे हेलियम लागत नाही, द्रव नायट्रोजन पुरतो. तो उणे १९६ अंशांचा असतो आणि हवेतूनच काढतात. गाई-म्हशींना भरवायला येणारे डॉक्टर ज्या टाकीतून वाफाळणारी कांडी काढतात, त्या टाकीत हाच असतो. मात्र हे पदार्थ ठिसूळ आहेत, त्यांची लांब तार करणं अवघड आणि खर्चाचं आहे. म्हणून दवाखान्यात अजून हेलियमच चालतो. ही अडचण सुटली तर मशीन स्वस्त व्हायला मदत होईल, आणि कदाचित तालुक्यापर्यंतही येईल.

तोवर एवढं लक्षात ठेवा. एमआरआयचा चुंबक तपासणी चालू नसतानाही चालूच असतो, कारण त्यातली वीज फिरत राहते. म्हणून त्या खोलीत लोखंडाची वस्तू नेऊ नका. सोबत जाणाऱ्या बाईनेही पिना काढाव्यात. अंगात पेसमेकर, सळई, क्लिप किंवा तांबी असेल, किंवा दिवस गेले असतील, तर आधीच सांगा. लाजू नका.

काकूंना हे सगळं सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे माझं मंगळसूत्र त्यांनी उगाच नाही काढायला लावलं." तुमच्या गटातही हे वाचून दाखवा.