सुरी, काटा आणि शेजारी

काट्यासुरीनें जेवण्याचा प्रसंग आला कीं पुष्कळ सुशिक्षित माणसेंही मनांतून बिचकतात. कोणतें हत्यार कोणत्या हातांत धरावें, आधीं कोणतें उचलावें, या चिंतेंत पुढ्यांतील पदार्थाची चव जाते. हे नियम असंख्य व अर्थशून्य आहेत, अशी समजूत या बिचकण्याच्या मुळाशीं असते. वस्तुतः मुख्य नियम थोडेच आहेत, आणि त्यांतील बहुतेकांस सबळ कारण आहे.

मध्ययुगीन युरोपांत पाहुणा स्वतःची सुरी कमरेस लावूनच जेवावयास येई. तीच सुरी वाटेंत संरक्षणाच्या कामीं पडे व मेजावर मांस कापण्याच्या. घास बहुधा बोटांनींच तोंडांत जाई. शेजाऱ्याच्या हातांतील या शस्त्राचें भय वाटूं नये, म्हणून सुरीवर निर्बंध वाढत गेले, अशी उपपत्ति नॉर्बर्ट एलिआस या जर्मन समाजशास्त्रज्ञानें १९३९ सालीं मांडली. सुरी तोंडांत घालूं नये, तिचें टोंक कोणाकडे रोखूं नये, बोलतांना ती हवेंत फिरवूं नये, दुसऱ्यास देतांना मूठ त्याच्याकडे करावी, हे नियम या दृष्टीनें पाहिले म्हणजे सहज उलगडतात. फ्रान्सचा राजा चौदावा लुई यानें तर १६६९ मध्यें टोंकदार सुऱ्यांस मनाईच केली.

काटा मेजावर फार उशिरां आला. ११ व्या शतकांत बायझंटाइन राजघराण्यांतील एक वधू व्हेनिसला आली. ती सोन्याच्या काट्यानें जेवते हा चैनीचा अतिरेक होय, असा ठपका पीटर डेमियन या धर्मोपदेशकानें तिजवर ठेवला. पुढें इटलींत काटा रुळला. टॉमस कोरियट या इंग्रज प्रवाशानें १६०८ मध्यें तो तेथें पाहिला व १६११ च्या आपल्या प्रवासवर्णनांत त्याचें कारणही नोंदलें: सर्वांचीच बोटें सारखीं स्वच्छ नसल्यामुळें सामायिक पात्रास तीं लागलेलीं इटालियन लोकांना खपत नसत. स्वदेशीं कोरियटच्या काट्याची थट्टा झाली. हाच गृहस्थ नंतर बहुतेक पायींच हिंदुस्थानांत आला आणि १६१७ मध्यें सुरतेस वारला. ज्या देशांत त्यानें देह ठेवला, तेथें पुष्कळ घरीं तोच प्रश्न हात धुऊन व प्रत्येकास निराळें पान वाढून केव्हांच सोडविलेला होता.

हीं कारणें ध्यानांत असलीं म्हणजे रीति पाठ करावी लागत नाहीं. इंग्रजी पद्धतींत काटा डाव्या हातांत, दाते खालीं करून, व सुरी उजव्या हातांत धरतात. काट्यानें तुकडा दाबून धरावा आणि एका वेळीं एका घासापुरताच कापावा. अमेरिकेंत पुष्कळ जण कापल्यावर सुरी खालीं ठेवून काटा उजव्या हातांत घेतात; तेंही अशिष्ट नव्हे. मांडतांना सुरीची धार ताटाकडे असते, शेजाऱ्याकडे नव्हे. अनेक जोड्या मांडलेल्या असल्यास बाहेरून आंत यावें, कारण पदार्थांच्या क्रमानेंच त्या लावलेल्या असतात. पाव सुरीनें न कापतां हातानें मोडावा. मध्यें थांबल्यास काटा व सुरी ताटांत विलग ठेवावीं. जेवण संपल्यावर दोन्ही जवळ व समांतर ठेवावीं, म्हणजे वाढप्यास न बोलतां खूण पटते.

पंगतींत शेजाऱ्याचें जेवण आटोपण्यापूर्वीं उठणें अप्रशस्त मानतात; मेजावर सर्वांस वाढून होईपर्यंत आरंभ करीत नाहींत. साधनें निराळीं, पथ्य एकच. आपल्या हातून काटा खालीं पडला तर शांतपणें दुसरा मागावा. दुसऱ्याच्या हातून पडला तर तिकडे लक्षच नाहीं असें दाखवावें. हा शेवटचा नियम पाळावयास काटाही लागत नाहीं व सुरीही लागत नाहीं, आणि ज्यास तो साधला त्याच्या बाकीच्या चुका कोणी मोजीत नाहीं.